पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं?

फूटपाथवर झोपणारा माणूस खोलीत जाऊन राहू शकतो का, याचं आमचं उत्तर ‘हो’ असं आहे. फक्त त्या ‘हो’ला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि त्यातला निम्मा काळ रांगेत जातो. मुंबईत बेघरांना खोलीपर्यंत पोचवण्याचं काम करताना जी वाट तुडवावी लागते, ती इथे लिहून ठेवतो आहोत. पुण्यात-ठाण्यात कार्यालयांच्या पाट्या वेगळ्या असतील, घोडं अडतं तिथेच.

सुरुवात मोजणीपासून. २०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्रीत झाली. देशभरात १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या वर. रात्रीच्या मोजणीचा ज्याला अनुभव आहे, तो या आकड्यांना किमान आकडे समजतो. रात्री साडेअकराच्या आधी निघालं तर फूटपाथवर बसलेला माणूस तिथेच झोपणार की शेवटच्या लोकलने घरी जाणार, हे कळत नाही. पहाटे चारनंतर केटरिंगवाले, भाजीबाजारातले हमाल, कचरा वेचणाऱ्या बाया उठून गेलेल्या असतात. म्हणजे हातात चार-साडेचार तास. ताडपत्रीखाली किती जण आहेत हे कुणाला उठवून विचारायचं नसतं, बाहेर आलेले पाय मोजायचे. पाय दिसत नसतील तर चपला. एकट्या बाया मात्र या मोजणीत हमखास निसटतात, कारण त्या रात्री झोपतच नाहीत. रात्रभर स्टेशनच्या उजेडात किंवा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीबाहेर बसून काढायची आणि दुपारी देवळाच्या पायरीवर डोळा लावायचा, अशी त्यांची पद्धत असते. बायांची नोंद दुपारी करावी लागते.

मोजताना आणखी एक वर्गवारी मनात ठेवावी लागते, कारण पुढची सगळी धावपळ तिच्यावर ठरते. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास पथारी टाकलेलं कुटुंब बेघर दिसतं, पण त्यांचं गावी घर असतं. त्यांना हवी असते उपचार संपेपर्यंत डोक्यावर छत देणारी जागा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा नेमकी याच गरजेवर उभी आहे. दुसरा गट रोजंदारीसाठी नाक्यावर उभं राहणाऱ्या बिगाऱ्यांचा. ते आठ महिने इथे आणि चार महिने गावी, खोली परवडत नाही म्हणून बाहेर. तिसरा गट पुलाखाली तिसरी पिढी वाढवणाऱ्या कुटुंबांचा, त्यात पारधी बरेच. जन्म मुंबईतला, पण जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५०पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचीच कुठे नोंद नाही, तर पुरावा आणायचा कुठून? चौथा गट घरातून बाहेर काढलेल्या किंवा निघून आलेल्या म्हाताऱ्यांचा आणि पाचवा मानसिक आजार असलेल्यांचा. या पाचही गटांना एकच खिचडी आणि एकच घोंगडी वाटली जाते, हा आमचा जुना राग आहे.

घोंगडीबद्दल सांगूनच टाकतो. डिसेंबरात एकाच फूटपाथवर एका आठवड्यात तीन-तीन वाटप होतात. दिवसा ती घोंगडी ठेवायची कुठे, हा विचार वाटणाऱ्याच्या डोक्यात नसतो. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की बोचक्यासकट जाते, म्हणून लोक ती दुसऱ्या दिवशी विकून मोकळे होतात. यात लबाडी नाही, हिशेब आहे. काही द्यायचंच असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्याआधी बारा बाय पंधराची जाड ताडपत्री आणि दोरी द्या. नाहीतर शौचालयाचे पैसे द्या. दर वेळी पाच रुपये आणि आंघोळीचे दहा-पंधरा धरले, तर दोन मुलं असलेल्या बाईचे रोज चाळीस-पन्नास रुपये नुसते त्यात जातात. जवळच्या सार्वजनिक शौचालयाच्या चालकाशी बोलून महिन्याचे पैसे एकरकमी भरता येतात. फोटो काढण्याजोगं त्यात काही नसतं, म्हणून तसं कुणी करत नाही.

पहिल्या दोन-तीन भेटींत काही द्यायचं नाही आणि काही लिहायचंही नाही. वही बाहेर काढली की माणसं उठून जातात. याला कारण आहे. महाराष्ट्रात १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नसताना फिरणं हेसुद्धा त्याच्या व्याख्येत भीक मागणं ठरतं. वॉरंटशिवाय उचलता येतं आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये या कायद्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली, इथे तसं झालेलं नाही. त्यामुळे वही-पेन घेऊन आलेला माणूस फूटपाथवरच्यांना चेंबूरच्या भिक्षेकरी गृहाच्या गाडीतला वाटतो. चौथ्या भेटीला विचारायचं ते एवढंच : ‘मावशी, कागद काय काय आहेत?’ बहुतेकांकडे काहीतरी असतं. पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी आणि आत घामाने चिकटलेली झेरॉक्स. पुष्कळांचे कागद जवळच्या चहावाल्याकडे किंवा पानवाल्याकडे ठेवलेले असतात, आणि खरं तर तीच सगळ्यांत भरवशाची तिजोरी.

आता आधार. इथे होणारी पहिली चूक म्हणजे ‘आधार नाही’ म्हटलं की सरळ नवी नोंदणी करायला नेणं. बहुतेकांचं आधार कधीतरी निघालेलं असतं, कुठल्या तरी शिबिरात किंवा गावी. कार्ड हरवलेलं असतं आणि नंबर पाठ नसतो. अशा माणसाची नवी नोंदणी केली की ठसे आधीच्या नोंदीशी जुळतात आणि अर्ज ‘डुप्लिकेट’ म्हणून फेटाळला जातो. मधले महिने फुकट. म्हणून आधी आधार सेवा केंद्रात जुना नंबर शोधायला सांगायचं. नाव, लिंग, जिल्हा किंवा पिनकोड आणि बोटाचा किंवा डोळ्याचा ठसा यावरून शोध लागतो. गोम पिनकोडात आहे. माणूस आता मुंबईत असला तरी आधार काढलं तेव्हा तो कुठे होता, ते आठवून तिथला पिनकोड लागतो. नावही तेव्हा लिहिलं गेलं असेल तसंच हवं. ‘सुमनबाई’ आणि ‘सुमन’ यांत मशीन फरक करतं.

मग ठसा. लसूण सोलणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, सिमेंट कालवणाऱ्या बोटांवर रेघा उरलेल्या नसतात. ऑपरेटर चार वेळा बोट ठेवून घेतो आणि ‘येत नाही’ म्हणून पुढच्याला हाक मारतो. त्याला थांबवायचं. आधी हात साध्या पाण्याने धुऊन नीट कोरडे करायचे. तरी येत नसेल तर बोट कपाळावरून किंवा केसांतून फिरवायचं, तेवढं तेल लागलं की रेघा उठतात. अंगठा आणि तर्जनी सगळ्यांत झिजलेली असतात, अनामिका बऱ्याचदा साथ देते. ‘मावशी, दाबू नका, नुसतं ठेवा’, हे दर वेळी सांगावं लागतं. बाया बोट दाबतात, दाबलं की रेघा पसरतात. एवढं करूनही नाही आलं तर डोळ्यांच्या ठशावर काम होतं, आणि मोतीबिंदू असला तर तेही अवघड. मात्र ज्याचे बोटांचे ठसे येत नाहीत त्याची डोळ्यांवर, किंवा दोन्ही येत नसतील तर अपवाद म्हणून नोंदणी करण्याची तरतूद आहे. ऑपरेटर ‘होत नाही’ म्हणाला तर केंद्राच्या पर्यवेक्षकाला गाठायचं, गर्दीच्या सोमवारी नाही, बुधवारी-गुरुवारी दुपारी.

नवीच नोंदणी असेल तर पत्त्याचा रकाना आडवा येतो. आधारच्या ठरावीक नमुन्यातला दाखला इथे चालतो. तो राजपत्रित अधिकारी, आमदार, नगरसेवक किंवा मान्यताप्राप्त निवाऱ्याचे अधीक्षक देऊ शकतात. मुंबईत मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं निवडणूकच झाली नाही, तेव्हा हा सगळ्यांत जवळचा दरवाजा बंद होता. दाखला तारखेपासून तीन महिनेच चालतो. फोटोवर सही आणि शिक्का असा हवा की अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर येईल. तो नेमका फोटोच्या बाहेर मारला जातो आणि अर्ज परत येतो. खाडाखोड असली तरी परत. अठरा वर्षांवरच्यांच्या नव्या नोंदणीची राज्य सरकारकडून पडताळणी होते, त्यात सहा महिनेसुद्धा जाऊ शकतात. तेवढ्या काळात माणूस त्याच फूटपाथवर राहील याची खात्री नसते. म्हणून पावतीच्या तीन झेरॉक्स काढायच्या : एक त्याच्याकडे, एक चहावाल्याकडे, एक आमच्या फायलीत.

मोबाइल नंबर कुणाचा जोडायचा, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न पुढे सगळ्यात जास्त छळतो. कार्यकर्ता आपला नंबर देऊन मोकळा होतो. वर्षभराने त्याच्या फोनवर चाळीस जणांचे ओटीपी येत असतात आणि त्याने नोकरी सोडली की चाळीस जण अडकतात. माणसाचाच नंबर जोडावा, पण फूटपाथवर फोन चोरीला जातो आणि तीन महिने सिम वापरलं नाही की ते बंद होऊन पुढे दुसऱ्याला दिलं जातं. आम्ही आता बहिणीचा, मुलाचा किंवा मुकादमाचा, म्हणजे जो टिकेल असा नंबर शोधतो. टिकाऊ नातं सापडलं नाही तर सिमला दर दोन महिन्यांनी छोटा रिचार्ज मारणं, हे अक्षरशः वहीत तारीख लिहून ठेवण्याचं काम आहे.

मतदार यादीचं त्या मानाने सोपं आहे, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. नाव नोंदवण्याच्या अर्जात, म्हणजे नमुना ६मध्ये, तो जिथे झोपतो ती जागा लिहायची, ‘अमुक पुलाखाली, खांब क्रमांक अमुक, तमुक बँकेसमोर’. बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, एकाहून जास्त रात्री तिथे येऊन तो खरंच झोपतो की नाही हे पाहायचं असतं. अडचण अशी की बीएलओ बहुतेक शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात. रात्री अकराला पुलाखाली एकटीने जा, असं त्यांना कोण सांगणार? आम्ही बीएलओ ताईंची वेळ घेतो, त्यांना घ्यायला आणि सोडायला माणूस देतो आणि जवळजवळच्या दहा-बारा अर्जांची पाहणी एकाच फेरीत आटोपतो. दुसरी फेरी चार दिवसांनी. हे मतदार ओळखपत्र हाती आलं की पत्त्याचा पुरावा म्हणून ते बाकी बहुतेक ठिकाणी चालतं.

बँकेत आधार नसलं तरी ‘लहान खातं’ उघडता येतं. फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा, एवढंच लागतं. शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षभरात जमा १ लाखापर्यंत आणि महिन्याला काढता येतात १० हजार. बारा महिन्यांची मुदत, कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवला तर आणखी बारा. काउंटरवर ‘असं काही नसतं’ असं उत्तर मिळालं तर वाद घालत बसू नये. लेखी अर्ज देऊन पोच मागितली की शाखा व्यवस्थापकाला नियम आठवतो.

रेशनबद्दल थोडक्यात. प्राधान्य गटात माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. गावाकडचं कार्ड असेल तर नवं काढू नका. ‘एक देश एक रेशन’मुळे ते इथल्या दुकानात चालतं, फक्त ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झालेली हवी. तांदूळ मिळाला तरी तो शिजवायला चूल पेटवायची कुठे, हा प्रश्न उरतोच.

संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये ज्यांना खरोखर लागू व्हायला हवेत, त्यांनाच ते मिळणं सगळ्यांत कठीण. वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, हे सिद्ध होतं. अडतं ते राज्यातल्या पंधरा वर्षांच्या रहिवासाच्या पुराव्यावर. आम्ही पालिका रुग्णालयांचे जुने केसपेपर, मुलांच्या बाळंतपणाची नोंद, पालिका शाळेच्या पटावरचं नाव आणि जुन्या मतदार याद्या जमवतो. फूटपाथवर चूल पेटवल्याच्या किंवा रेल्वेच्या हद्दीत झोपल्याच्या दंडाची जुनी पावतीही कामाला येते. ज्या पावतीने त्या जागेवरून हाकललं, तीच तिथल्या राहण्याचा पुरावा ठरते. तहसील कार्यालयात ती मान्य होईलच असं नाही, पण चार-पाच वेगवेगळ्या सालांचे कागद ओळीने लावून दिले तर समोरचा अधिकारी निदान वाचतो. नुसता एक कागद दिला तर फाइल बाजूला पडते.

आणि हो, पुलाखाली मूल जन्मलं तर २१ दिवसांच्या आत नोंदणी. एवढी एक गोष्ट वेळेत झाली तरी त्या मुलाची पुढची वीस वर्षांची पायपीट वाचते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

निवाऱ्याकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये मोठ्या शहरांना सांगितलं की दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा, चोवीस तास चालणारा एक निवारा हवा. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तेच माप आलं, माणशी किमान ५० चौरस फूट जागेसह. मुंबईची २०११ची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. आहेत ते त्याच्या जवळपासही नाहीत. जे आहेत त्यांतले काही रिकामे असतात, आणि मग ‘यांना रस्त्यावरच आवडतं’ असं ऐकावं लागतं. निवारा कामाच्या जागेपासून आठ किलोमीटर लांब असेल तर पहाटे पाचला नाका कसा गाठायचा? रात्री दहाला दार बंद होत असेल तर लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी असलेला माणूस एक वाजता जाणार कुठे? नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात, बायको बायांच्या आणि बारा वर्षांचा मुलगा तिसरीकडे, अशी व्यवस्था कुठलं कुटुंब पत्करेल? कुलूप लागणारी पेटी नसेल तर हातगाडीची चाकं आणि हत्यारं ठेवायची कुठे? माणसाला निवारा दाखवायला नेण्याआधी आम्ही या चार गोष्टी बघून येतो : अंतर, दाराची वेळ, कुटुंबाला जागा, कुलूपबंद पेटी. यांतल्या दोन जरी नसल्या तर तो आठवडाभरात परत फूटपाथवर दिसतो आणि दुसऱ्यांदा यायला तयार होत नाही.

मानसिक आजार असलेल्या माणसाच्या बाबतीत आपण गाडीत घालून कुठे न्यायचं नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे हे पोलिसांचं कर्तव्य आहे : संरक्षणात घेणं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीला नेणं, लॉकअपमध्ये न ठेवणं आणि बेघर असेल तर मिसिंगची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं. पोलीस ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ असं ऐकू आलं तर कलमाचा मजकूर छापून नेलेला कागद टेबलावर ठेवायचा. तोंडी सांगितलेल्या कायद्यापेक्षा छापलेल्या कागदाचं वजन जास्त. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात भरती झाली की खरं काम सुरू होतं ते गाव शोधण्याचं. माणूस जिल्हा सांगू शकत नाही, पण ‘तुमच्याकडे बाजार कुठल्या वारी भरतो, बाजाराला पायी जाता की गाडीने, वाटेत नदी लागते का’ असं विचारत गेलं की धागा लागतो. बाजाराचा वार आणि जवळचं स्टेशन मिळालं की तिथल्या पोलीस ठाण्याला फोन. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने हेच काम वर्षानुवर्षं केलं आहे. त्याबद्दल डॉ. भरत वाटवानी यांना २०१८मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी पोचवल्यावर बिघडतं ते गोळ्या संपल्यावर. महिन्याभराच्या गोळ्या हाती देऊन परतलं तर पाचव्या आठवड्यात माणूस पुन्हा गाडीत बसलेला असतो. तिथल्या जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवून, पुढच्या तारखेचा कागद घरच्यांच्या हाती देऊनच निघायचं.

शेवटचा टप्पा खोलीचा. फिनलंडने हा क्रम उलटा केला : आधी घर, बाकीचं नंतर. १९८७मध्ये तिथे सतरा-अठरा हजार बेघर होते, २०२३मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास उरले. आपल्याकडे कागद, काम, शिस्त असं सगळं सिद्ध करून शेवटी खोली, तीही स्वतःच्या खर्चाने. समजा भाडं महिना पाच हजार आणि डिपॉझिट वीस हजार. तिघे बिगारी मिळून भाडं सहज भरतात, फूटपाथवरही त्यांचा शौचालय, बाहेरचं जेवण आणि हप्ता यांवर जवळपास तेवढाच खर्च होत असतो. त्यांना न जमणारी गोष्ट म्हणजे एकरकमी वीस हजार. कुणी विचारलं की एका माणसाला नेमकी काय मदत करू, तर आम्ही डिपॉझिट म्हणतो. ते मालकाच्या नावे बँकेतून जावं, करारात परतीची अट असावी आणि खोली सुटली की पुढच्या तिघांसाठी वापरलं जावं. पहिल्या दोन महिन्यांच्या भाड्याची तजवीजही हाताशी हवी, कारण जुलै-ऑगस्टात नाक्यावर काम निम्म्यावर येतं. पावसाळ्याच्या तोंडावर खोलीत गेलेले लोक याच कारणाने दिवाळीआधी बाहेर पडतात. म्हणून खोली ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्यावी.

करार अकरा महिन्यांचा. कायद्याने नोंदणी करायची जबाबदारी मालकाची असली तरी वस्तीतला मालक तयार होत नाही, आणि नोंदणी नसली तर आधारवरचा पत्ता बदलताना अडतं. माणूस खोलीत राहतो आणि कागदावर निवाऱ्यातच असतो. नोंदणीचा खर्च आपण देतो म्हटलं की बरेच मालक ऐकतात. नववा महिना लागला की करार पुढे चालू ठेवायचं बोलणं सुरू करायचं, अकराव्यात नाही. तोवर मालकाने दुसरा भाडेकरू पाहून ठेवलेला असतो.